खिडकीसाठी शिवलेला पडदा

पडद्याआडून बोलणारी माणसं तुम्ही खूप ऐकली असतील. आज खुद्द पडदाच बोलतोय. निळा, फिक्या पानांचा, आणि जन्मतः अंगाने जरा लांबच.

माझा जन्म एका सॅम्पल फ्लॅटमुळे झाला. सरकारने परवडणाऱ्या घरांची सोडत काढली होती. अल्प आणि मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी इमारती उभ्या राहत होत्या आणि नमुन्याचं एक घर लोकांना बघायला खुलं होतं. बाकीची मंडळी नळ सोडून बघत होती, भिंतींवर टिचक्या मारत होती. आमच्या सूनबाईने पर्समधून टेप काढली आणि खिडकी मोजली. शिवणकाम करणारी बाई ती, मोजल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

त्याच आठवड्यात तिने मला शिवलं. घराचा पत्ता नाही, साधा अर्जही भरलेला नाही, आणि पडदा तयार! तिचा नवरा शाळेची बस चालवतो. त्याने बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी अशी थट्टा केली, वर आपल्याला कुठली लागते सोडत, असंही म्हणाला. सूनबाई फणकारली. नको तर नको म्हणाली आणि मला खोलीच्या मधोमध दोरीवर टांगलं.

एकच खोली हो. अलीकडे आजी, म्हणजे नवऱ्याची आई, आणि शिलाई मशीन, पलीकडे नवरा-बायकोचा पलंग. खिडकीसाठी जन्मलो आणि नशिबी आली दोरी. वारा म्हणाल तर पंख्याचा. येता-जाता जो तो मलाच हात पुसायचा. त्यात घरमालकाने निरोप दिला होता, दोन वर्षांत खोली रिकामी करा. दुसरी खोली परवडेल अशी जवळपास नव्हती. आजीने तर भांड्यांची मनातल्या मनात बांधाबांधही सुरू केली होती.

मग एका दुपारी सूनबाईने मशीनच्या फळीवर कागद ठेवून गुपचूप अर्ज भरला. आजीला बजावलं, नाव लागेपर्यंत ह्यांना कळता कामा नये. चौथ्या दिवशी सकाळी ड्युटीवर जाण्याआधी, पलीकडच्या बाजूला, नवरोबांनीही डब्याच्या झाकणावर कागद ठेवून अर्ज भरला. बायकोला दुखावल्याचं त्याला फार लागलं होतं. त्यानेही आईलाच बजावलं, तिला सांगू नकोस. आजी खूश. एकापेक्षा दोन बरे, असं पुटपुटत तिने तोंडाला कुलूप लावलं. दोघांच्या मधे लोंबकळत मी सगळं बघत होतो, पण आमच्या जातीला तोंड कुठे असतं?

सूनबाईचं नाव लागलं! शेजारीपाजारी चहाला आले. नवऱ्याने आनंदाच्या भरात आपलंही गुपित फोडलं. सगळे पोट धरून हसले. ते हसू कागदपत्रं तपासायच्या दिवसापर्यंत टिकलं.

त्या दिवशी दोघं परत आली ती पाय ओढतच. कारकून काय म्हणाला ते नवऱ्याने आईला सांगितलं, "नवरा-बायको म्हणजे एक कुटुंब. एका कुटुंबाचा एकच अर्ज. दोन आले की दोन्ही बाद."

भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून ठेवलेलं. नवव्या दिवशी आजी उठली आणि तिने मला सर्रकन बाजूला सारलं.

"दोन्ही अर्ज मला ठाऊक होते," ती म्हणाली. "चूक माझी आहे. काय रागवायचं ते माझ्यावर रागवा, पण असे दोन बाजूंना बसू नका रे."

बोलता बोलता तिलाच रडू फुटलं. मग तिघंही रडली. मी थोडा ओला झालो.

पुढच्या वर्षी अर्ज भरताना मला दोरीवरून काढून खाली अंथरलं. तिघं माझ्यावर बसली. सूनबाई लिहीत होती, नवरा एकेक ओळ मोठ्याने वाचत होता आणि आजी दर पाच मिनिटांनी विचारत होती, "एकच आहे ना?" नाव लागलं, पण प्रतीक्षा यादीत, दुसरं. खोली सोडायला महिना उरला तेव्हा घर लागलेल्यांपैकी दोघे गळाले आणि आमचा नंबर आला. दुसऱ्याच्या दुःखावर हसू नये. आजी हसली.

नव्या घरात सूनबाईने पहिल्यांदा मलाच बाहेर काढलं आणि खिडकीला लावून बघितलं. मी जमिनीवर लोळत होतो! सॅम्पल फ्लॅट मध्यम उत्पन्न गटाचा होता, आमचं घर अल्प गटाचं. बाईने माप अचूक घेतलं होतं, पण दुसऱ्यांच्या खिडकीचं. नवरा म्हणाला, "तुरी मिळाल्या गं, टोपली मोठी आणलीस." तिने हसत हसत कात्री उचलली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

आता माझा वरचा अर्धा भाग खिडकीत आहे आणि खराखुरा वारा खातोय. खालच्या अर्ध्याची तिने पिशवी शिवली. तीत घराचे कागद आहेत, दोघांच्या नावाचे, आणि ती आजीच्या उशाशी खुंटीला टांगलेली असते. दोन खोल्यांच्या मधे आता पक्कं दार आहे. आजी ते लावू देत नाही.

घरं बांधणाऱ्यांनो, जमलं तर आमच्या गटाचीही खिडकी थोडी मोठी ठेवा. आणि अर्ज भरणाऱ्यांनो, सही करायच्या आधी पडदा सारा आणि पलीकडच्या माणसाला एकदा विचारा.