गोळी न घेता चालले

दवाखान्याच्या मालकाला सगळे तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे गोडबोल्या. दारात पेशंट दिसला की याच्या जिभेवर साखर. दार बंद झालं की तीच जीभ कात्रीसारखी चालायची. फिजिओथेरपिस्ट ताईला त्याचा मनस्वी कंटाळा होता, पण पार्किन्सनचे पेशंट तिच्या भरवशावर यायचे, म्हणून ती टिकून होती.

त्यातले कंडक्टरकाका तिचे खास लाडके. उभी हयात धावत्या बसमध्ये दांडी न धरता उभा राहिलेला माणूस, आणि आता दाराच्या चौकटीशी आला की पाय जमिनीला चिकटायचे. अंग पुढे निघायचं, पाय मागेच राहायचे. एकदा तर धाडकन तोंडावर पडले, ओठ फुटला. त्यांची मागणी फार मोठी नव्हती. "संडासापर्यंत एकट्याने जाता आलं पाहिजे. बायकोने धरून न्यायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं हो," ते पुटपुटले होते.

ताईने तेवढंच मनावर घेतलं. पाय चिकटले की ओढाताण करायची नाही. आधी थांबायचं, मग वजन या पायावरून त्या पायावर झुलवायचं आणि डबकं ओलांडल्यासारखं मोठं पाऊल टाकायचं. घरी संडासाच्या वाटेवर तिने पिवळ्या पट्ट्या चिकटवून दिल्या. ती टाळ्यांनी ठेका धरायची आणि त्या ठेक्यावर काकांचे पाय सुटायचे. काकू बाजूला बसून चिडवायच्या, "जन्मभर लोकांच्या अंगावर ओरडलात, पुढे सरका, पुढे सरका! आता सरका की स्वतः!" काकांच्या चेहऱ्यावर हसू उमटत नसे, आजाराने चेहराच थिजवला होता, पण खांदे हलायचे. ताई मात्र दर वेळी बजावायची, "गोळी वेळेवर म्हणजे वेळेवर. व्यायाम गोळीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही." हळूहळू काका एकटे संडासापर्यंत जायला लागले.

मग गोडबोल्याच्या डोक्यात जाहिरातीच्या व्हिडिओचं खूळ शिरलं.

त्या सकाळी काका चाकाच्या खुर्चीतून आले ते लाकडासारखे ताठ होऊन. हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

"काकू, अहो, गोळी?"

"काल सरांचा फोन आला होता ना! सकाळची गोळी देऊ नका म्हणाले, तपासणी आहे. मी बरोबर आणली होती, तीही त्यांनी आल्या आल्या ठेवून घेतली."

कसली डोंबलाची तपासणी! आतल्या खोलीच्या दारासमोर गोडबोल्याने स्टँडवर मोबाइल लावला होता आणि तो केस विंचरत उभा होता.

"अगं, 'आधी'चा व्हिडिओ घ्यायचा राहूनच गेला होता," तो म्हणाला. "आता 'आधी' घेऊ, मग गोळी देऊ, तासाभराने 'नंतर'. कुणाला कळतंय?"

"शी! सर, माणूस आहे तो. गोळी द्या इकडे."

"पाच मिनिटं गं," म्हणत त्याने शर्टाचा खिसा थोपटला आणि स्वतःच काकांना चौकटीत उभं केलं. काकांचे पाय चिकटले. "वा! छान! मान अजून खाली घ्या. हात थरथरू द्या, आवरू नका." लाळ शर्टावर पडली. काकू पदर घेऊन पुढे धावल्या तर हा म्हणतो, "पुसू नका, पुसू नका! मस्त दिसतंय."

काकांची मान खाली होती, पण डोळे ताईकडे वळले होते, भरलेले. तिला राहवलं नाही. तिने जोरात टाळ्यांचा ठेका धरला. काका झुलले, एकदा, दोनदा, आणि मोठं पाऊल टाकून चौकट ओलांडून गेले. तोल गेला तसं तिने त्यांना धरलं.

"घ्या," ती म्हणाली, "गेला तुमचा 'आधी' पाण्यात."

गोडबोल्या चिडेल असं तिला वाटलं होतं. त्याने मोबाइल बघितला आणि त्याचा चेहरा खुलला. "अगं, हे तर सोनं दिलंस!" असं म्हणून त्याने खिशातली गोळी काकूंच्या हातावर ठेवली.

दोन दिवसांनी व्हिडिओ घरोघरी पोचला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'गोळी न घेता चालले!' ताई तावातावाने त्याच्या खोलीत गेली. तो शांतपणे म्हणाला, "यात खोटं काय आहे सांग. घेतली होती का गोळी त्यांनी?" खोटं एक अक्षरही नव्हतं, हीच तर सगळी घाण होती. ती भांडभांड भांडली, पण पालथ्या घड्यावर पाणी. व्हिडिओ तसाच राहिला.

काही दिवसांनी एक बाई वडिलांना खुर्चीवर घालून घेऊन आली. म्हाताऱ्याचा जबडा घट्ट मिटलेला, अंग वाकडं होऊन आखडलेलं. ताईने मानेला हात लावला. अंग तापाने फणफणलं होतं.

"तुमचा व्हिडिओ पाहिला आणि बाबा हट्टालाच पेटले," ती बाई म्हणाली. "आठवडा झाला सगळ्या गोळ्या बंद करून. कडक व्हायला लागले तेव्हा वाटलं, औषध अंगातून निघत असेल."

"अहो, या गोळ्या अशा एकदम थांबवायच्या नसतात! जिवावर बेततं!" ताईने ओरडून ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली. "त्या काकांनी व्हिडिओ झाल्या झाल्या गोळी घेतली होती. रोज घेतात ते."

बाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "मग ते का नाही दाखवलंत?"

काकांना चालवलं होतं ताईनेच. तिला गोडबोल्याची किळस येत होतीच, आता स्वतःचीही आली.

ॲम्ब्युलन्स आली. म्हाताऱ्याला आत चढवलं, बाई चढली, मागोमाग ताईही चढायला लागली. तेवढ्यात गोडबोल्या बाहेर आला. पेशंटकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. ताईच्या एप्रनवर छातीशी दवाखान्याचं नाव शिवलेलं होतं, त्याची नजर तिथे गेली.

"अगं," तो हळूच म्हणाला, "जातेस तर जा, पण एप्रन काढून ठेव."

"नाही काढत," ताई म्हणाली. "गोळ्या कुणामुळे बंद केल्या, ते हॉस्पिटलात विचारतील ना."

आणि तिने आतून दार ओढून घेतलं.