नातीचं बॅन्जोलेले

"ही घोडी कुणी चिकटवली?" दुकानवालीने विचारलं.

सोफावाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवर टांगलेल्या गिटारींकडे पाहिलं. वाद्यांच्या दुकानात आणखी दोन तरुण गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांचे कान आपल्याकडेच लागलेत असं त्याला वाटलं.

"नातीनं," तो म्हणाला.

"अगं बाई! भलतीच उद्योगी दिसतेय." दुकानवाली हसली आणि तिने वाद्य उजेडात धरलं. बॅन्जोलेले म्हणजे बॅन्जोचं पोट आणि छोट्या गिटारीसारख्या युकुलेलेची मान. चाळणीएवढ्या गोल कड्यावर कातडं ताणलेलं, पुढे आखूड दांडा, आणि वरून नायलॉनच्या चार तारा. कातडं नावालाच, खरं तर ते पांढरं प्लॅस्टिक. त्याच्यावर, तारांच्या खाली, लाकडाचा एक छोटा तुकडा उभा राहतो, ती घोडी. ती नुसती ठेवायची असते. तारांच्या दाबाने ती आपली जागा धरून राहते. सोफावाल्याने मात्र ती फोम चिकटवायच्या पिवळ्या सोल्यूशनने पक्की बसवून टाकली होती, आणि ती पण भलत्याच जागी.

त्याच्या परीने त्याचं बरोबरच होतं. सारा जन्म त्याने सोफे, खुर्च्या आणि स्टुलं दुरुस्त करण्यात घालवला होता. त्या धंद्यात हलणारी वस्तू म्हणजे मोडलेली वस्तू. खोक्यातून लाकडाचा तुकडा सुटा निघाला तेव्हा स्वस्तातला माल म्हणून तो स्वतःशीच चडफडला आणि त्याने सोल्यूशनचा डबा उघडला.

"मुलं असं करतातच," दुकानवाली म्हणाली. "रागावला नाहीत ना तिला?"

"नाही नाही."

"नका रागावू हं. मी काढून देते."

तिने केस वाळवायच्या यंत्राने सोल्यूशन गरम केलं, घोडीखालून जाड दोरा घातला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढला. घोडी सुटली, पण कातड्यावर पिवळट डाग राहिला तो राहिलाच. सोफावाला गोरामोरा होऊन तो डाग पाहत उभा राहिला. न जन्मलेल्या पोरीवर आपण आपला गाढवपणा ढकलून दिला आणि ती बिचारी नाही म्हणायलाही जागेवर नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

ही नात त्याच दुकानात, पहिल्याच दिवशी जन्माला आली होती. सोफावाला एकदा एका गिऱ्हाइकाच्या घरी खुर्च्या पोचवायला गेला असताना तिथल्या म्हाताऱ्या बाई खिडकीत बसून बॅन्जोलेले वाजवत होत्या. कोरडा, टणटणीत आवाज, गप्पा माराव्यात तसा. त्याने धीर करून कातड्यावर नख मारून पाहिलं. एकसारखं ताणलेलं होतं, कुठे सुरकुती नाही. तेव्हापासून ते वाद्य त्याच्या डोक्यातून जाईना. बायकोपाशी बोलला तर ती म्हणाली, "मनात आहे ना? मग आणा की. लोकांना काय करायचंय?" पण दुकानात सगळी विशीबाविशीची पोरं. त्यांच्यामध्ये उभं राहून, सोल्यूशनने पिवळी झालेली नखं खिशात लपवत त्याने सगळ्यांत स्वस्त बॅन्जोलेले मागितलं, आणि दुकानवालीने सहज विचारलं, "कोणासाठी, काका?" तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "नातीसाठी."

"किती वर्षांची आहे?"

"आठ."

"मग थांबा दहा मिनिटं, घोडी लावून, सुरात करून देते."

"नको, ती वाट बघतेय," असं म्हणून त्याने खोकं बगलेत मारलं आणि तिथून पळ काढला.

सोफावाल्याला नात नव्हती. मूलबाळच नव्हतं. लग्नानंतर काही वर्षं नातेवाइकांनी बायकोला विचारून विचारून हैराण केलं. एकदा भरल्या पंगतीत तिच्या मोठ्या जावेने काहीतरी बोलून दाखवलं, आणि घरी परतताना बायको रस्ताभर दोन पावलं पुढेच चालत राहिली. दार उघडता उघडता तो म्हणाला होता, "हा विषय माझ्या तोंडून कधी निघणार नाही." आणि तो खरोखरच कधी निघाला नाही. माणूस तसा साधाच, पण हा एक शब्द आपण पाळला याचा त्याला मनातून अभिमान होता. बायकोला बॅन्जोलेले ठाऊक होतं, नात ठाऊक नव्हती. ती तिच्या कानावर गेली तर तो पाळलेला शब्द मोडल्यासारखाच होता.

घोडी सुटल्यावर खरं सांगून मोकळं व्हायचं त्याने ठरवलंही होतं. पण दुकानवाली म्हणाली, "काका, आधी तुम्ही शिकून घ्या. मग तिला दाखवा." आणि तिने वाद्य त्याच्याच हातात दिलं. दांड्यावर तारा जिथून सुरू होतात तिथपासून बाराव्या पडद्यापर्यंत, म्हणजे बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत, जेवढं अंतर, तेवढंच तिथून पुढे घोडीपर्यंत ठेवायचं. त्याने खिशातली टेप काढली. कड्याभोवतीचे, कातडं ताणून धरणारे आकडे पान्याने आवळायचे, पण ओळीने नाही, समोरासमोरचे, थोडेथोडे.

"हे मला येतं!" तो एकदम म्हणाला. "सोफ्याचं कापडही असंच ताणतात." त्या दुकानात तो तेवढं एकच वाक्य मान वर करून बोलला.

मग तो अधूनमधून जायला लागला. प्रश्न त्याचे, नाव नातीचं.

"बोटं दुखतात म्हणते."

"दुखणारच. कातडी राठ झाली की थांबेल."

"तिची तार सारखी उतरते."

"नवीन तारा आहेत, ताणून बसायला वेळ घेतात. म्हणावं, कंटाळू नकोस."

सोफावाल्याची बोटं जन्माचीच राठ, तरी दुखायची. हळूहळू नात अंग धरू लागली. तिला दूध आवडत नाही. ती फोमच्या तुकड्यांच्या ढिगात झोपून जाते. केस विंचरू देत नाही. हे सगळं कुठून सुचायचं देव जाणे, पण दुकानवाली कौतुकाने ऐकायची आणि तो सांगत सुटायचा. एका दुपारी बायको आत जेवणाची भांडी आवरत असताना तो कामाच्या खोलीत वाजवत बसला होता. चुकीची तार वाजली, आणि तो पुटपुटला, "असं नाही गं, बोट जवळ आण." स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला. खोटं बोलल्याची लाज होतीच, पण त्यात आपल्याला गोडी लागली याची लाज फार मोठी होती. बायकोला कधी असं कुणाला "बोट जवळ आण" म्हणायला मिळालं नव्हतं. त्याने बॅन्जोलेले गोणपाटाखाली सारलं. आता दुकानात पाऊल टाकायचं नाही, असं ठरवलं आणि ते पाळलंही.

म्हणून दुकानवालीच आली.

कामाची खोली रस्त्यालगत होती. बायको मशीनवर उशांच्या कडांचं पायपिंग शिवत होती. सोफावाला जमिनीवर बसून एका खुर्चीच्या बुडाला कापड ठोकत होता. बारीक खिळे ओठांत धरलेले, एकेक काढायचा आणि ठोकायचा. दुकानवाली दारात उभी राहिली तेव्हा त्याच्या तोंडात मूठभर खिळे होते.

"काकांचं दुकान हेच ना? हे ड्रमचं स्टूल आणलंय. बसलं की स्पंज बाहेर येतो."

"ठेवा तिथे," बायको म्हणाली. "बसा ना."

"नको, वाद्यांचं दुकान उघडं टाकून आलेय. काका बऱ्याच दिवसांत फिरकले नाहीत, म्हटलं बरे आहेत ना. आणि काकू, नातीला एकदा तरी आणा हो. काका नुसतेच सांगत असतात तिच्याबद्दल."

मशीन थांबलं.

खिळे थुंकून टाकायला किती वेळ लागतो? पण सोफावाल्याने ते ओठांत तसेच आवळून धरले. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो हातोडीकडे पाहू लागला.

"काय काय सांगतात?" बायकोने विचारलं. कापडाचा रंग विचारावा इतक्या साध्या आवाजात.

"सगळंच! घोडी चिकटवून टाकली ते, दूध नको म्हणते ते, फोमच्या ढिगात झोपते ते. इतकं कौतुक करणारे आजोबा मी नाही पाहिले."

"लाडावून ठेवलीय त्यांनी," बायको म्हणाली. "माझं तर ऐकतच नाही."

"मग या रविवारी आणाच. मुलं जमतात सकाळी."

"बघते. पण माणसं दिसली की लपते हो ती. एकदा लपून बसली की कितीही हाका मारा, येत नाही."

दुकानवाली हसली. तिने पिशवीतून लाल रंगाचा एक अरुंद पट्टा काढला. "हा तिला द्या. गळ्यात अडकवायला. लहान मापाचाच आहे."

बायकोने पट्टा हातात घेतला, सवयीने त्याची शिवण उलटून पाहिली, लांबी दोन हातांत ताणून पाहिली. "थोडा वाढवून घेईन," ती म्हणाली. "वाढतं अंग आहे."

दुकानवाली गेली. सोफावाल्याने खिळे तळहातावर काढले. ते ओले झाले होते.

"अगं, तिने विचारलं कोणासाठी, आणि माझ्या तोंडून..." त्याने तळहातावरचे खिळे बोटाने सारखे केले. "लाज वाटली गं मला. या वयात हे असलं."

"किती वर्षांची आहे?"

"आठ."

"मुलाची की मुलीची?"

दूध, केस, फोमचा ढीग, सगळं त्याला सुचलं होतं. नातीला आई लागते, बाप लागतो, हे मात्र एकदाही मनात आलं नव्हतं. तो मुलांना ओलांडून थेट नातीपाशी जाऊन बसला होता.

"ते काही मी..." तो म्हणाला. मग घाईघाईने म्हणाला, "मी उद्या जातो आणि सांगून येतो तिला. नात नाही म्हणून. सगळं खरं सांगतो."

"नको!" बायको इतक्या जोरात म्हणाली की रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने वळून पाहिलं. मग आवाज उतरवून ती म्हणाली, "नका सांगू. असू दे."

त्याने हातोडी बाजूला ठेवली.

"मुलीचीच असेल," ती पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाली. मग त्याच्याकडे पाहत म्हणाली, "इतके दिवस एकट्यानेच खेळवलीत होय तिला?"

तिने पट्टा घडी करून मांडीवर ठेवला आणि मशीनकडे वळली. मघाशी थांबताना दोरा सुईतून निसटला होता. तिने दोऱ्याचं टोक ओलं केलं, पीळ दिला आणि सुईपाशी नेलं. गेलं नाही. तिने पुन्हा ओलं केलं. एरवी सुई ओवून द्यायला ती त्यालाच हाक मारायची. आज मारली नाही आणि त्यालाही उठवेना. तळहातावरचे खिळे वाळेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. ती खिडकीच्या बाजूला वाकून, एक डोळा मिटून, सुईच्या नाकात दोरा घालत होती.