जुना दुभाषी जाता जात नाही

आधीच सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या कवळीची शपथ. आणि कवळी माझी एकुलती एक आहे, उगाच पणाला लावणार नाही. मागे मांजराची गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही एकमेकांना कोपरं मारत होतात, ते दिसलं होतं मला. आज कोपरं आवरा.

तर माझी सून. आठवडाभर विम्याच्या ऑफिसात पगाराचं काम करते आणि रविवारी फुकटचं. फुकटचं म्हणजे अगदी फुकटचं. कुठकुठली माणसं मिळून लिनक्सचं एक दुकान चालवतात. कॉम्प्युटरला लागणारे हजारो प्रोग्राम गोळा करायचे, एकमेकांशी भांडणार नाहीत असे बसवायचे आणि मागेल त्याला द्यायचे. गल्ल्यावर कोणी नाही, कारण गल्लाच नाही.

आता प्रोग्राम लिहितात कुठल्यातरी भाषेत, आणि कॉम्प्युटरला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून मधे दुभाषी बसवावा लागतो. ती मंडळी त्याला रनटाइम म्हणतात. मी दुभाषीच म्हणते, कवळीला सोपं पडतं.

एका भाषेचा नवा दुभाषी आला. जुन्या पद्धतीचं काही दिलं की हा नाक मुरडतो. जुना कसला गुणी होता, पण ज्यांनी त्याला जन्म दिला त्यांनीच हात वर केले. त्याला कुठे भोक पडलं की ठिगळ लावायचं काम माझ्या सुनेच्या गळ्यात. त्या मंडळींची रीतच आहे, हुकूम कोणी कोणाला सोडत नाही, पण ज्यानं एकदा हात लावला, ते त्याचं. हिनं लग्नाआधी हौसेनं हात लावला होता.

यंदा शुक्रवारी दुकानाची नवी आवृत्ती गोठवायची होती. गोठवली की आत जे काही उरेल ते पुढची पाच वर्षं सांभाळायचं. म्हणजे शुक्रवारच्या आत दुभाषी बाहेर, नाहीतर सूनबाईंचे पाच वर्षांचे रविवार गेले. आणि आम्ही दोघींनी रविवारच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलेलं. तिनं निळा कॉस्च्यूम घेतला, मी फुलाफुलांचा. या वयात कोण बघतंय म्हणून जरा भडकच घेतला.

काढण्याआधी सगळ्यांना मेल करून विचारायचं असतं, अजून कोणी वापरतं का. हिनं विचारलं. कोणाचं काही नाही.

"आई, कोणी म्हणजे कोणी वापरत नाही," ती म्हणाली.

"कोणी वाचत नसेल."

"गप्प राहिले म्हणजे हरकत नाही. असंच धरतात आमच्यात."

"तुझा नवराही भांडी घासतोस का विचारलं की गप्प राहतो. काय धरायचं?"

मुलानं मोबाइलमधून मान वर केली नाही. गप्पच.

गुरुवारी हिनं रजा टाकली, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि काढून टाकायचा हुकूम दिला. तिकडे सर्व्हरवर 'झाडू' नावाचा प्रोग्राम आहे, दुकानात माल आत घेणं आणि बाहेर काढणं तोच करतो. त्यानं सगळा माल तपासला, दुभाष्यावाचून कोणाचं अडत नाही ना ते पाहिलं, आणि एका फटक्यात दुभाषी बाहेर. सर्व्हरही शिस्तीचा. जे दुकानात नाही ते तो स्वतःच्या घरातही ठेवत नाही, लगेच पुसतो.

सून उठली आणि कॉस्च्यूमची चिठ्ठी कापली. परत करायचा नाही आता, म्हणाली.

कात्री ठेवते तोच दाढीचा व्हिडिओ कॉल. दाढी म्हणजे त्या मंडळींचा मुख्य. चेहरा त्याचा मी अजून पाहिलेला नाही, दाढीच दिसते.

"झाडू बंद पडलाय," दाढी म्हणाला. "एक वस्तू आत जाईना की बाहेर येईना. उद्या गोठवायचं काय, कपाळ?"

"का बंद पडला?"

"त्याला दुभाषी लागतो. जुना."

सून खुर्चीत बसली. "असं कसं? तपासलं होतं त्यानं."

"दुकानातला माल तपासला. तो स्वतः दुकानात कुठे आहे? कोणाच्यातरी खाजगी फोल्डरमध्ये पडलाय, इतकी वर्षं."

"कोणाच्या?"

त्यानं आधी दाढी खाजवली. मग एकदाचं म्हणाला, "वर लिहिलंय, तात्पुरतं, पुढच्या आठवड्यात नीट करीन. खाली तुझं नाव आहे."

मी चहा ओतत होते, बशीत पडला. "म्हणजे गं," मी म्हटलं, "कोणी वापरतं का असं तू विचारलंस, आणि उत्तर द्यायचं होतं तूच."

"आई, प्लीज."

मग बसली झाडू नव्या दुभाष्यासाठी लिहायला. रात्र गेली, शुक्रवार निम्मा गेला. पण नव्याला प्रत्येक अक्षर कुठल्या घराण्यातलं ते आधी सांगावं लागतं म्हणे. जुना बिचारा येईल ते गिळायचा. कोणाच्या नावातल्या एका टिंबावर नवा अडून बसला तो बसलाच. संध्याकाळी दाढी म्हणाला, "आता राहू दे." त्यानं हातानंच जुना दुभाषी परत आत ठेवला, झाडू चालू झाला आणि दुकान गोठलं.

शनिवारी मेलांचा पाऊस. महिनाभर मूग गिळून बसलेले सगळे जागे झाले. एका बेकरीची भट्टी, एका शाळेची घंटा, सगळं याच दुभाष्यावर, आणि दुकानातून गेला की त्यांच्याकडूनही तो आपोआप पुसला जायचा. चाललं होतं म्हणून मेल वाचत नव्हते. एक तारांगणवाला होता. त्याचा शनी गुरुवारी जो छतावरून घसरला तो 'बाहेर जाण्याचा मार्ग' या पाटीवर जाऊन बसला, आणि मुलं त्याच्याखालून ओणवी होऊन बाहेर गेली. त्यानं लिहिलं, चालू झालं, आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. ते वाचून सून गालातल्या गालात हसली.

रविवारी ती ठिगळ लावत बसली, निळा कॉस्च्यूम अंगात घालून, वर स्वेटर. चिठ्ठी कापलेली, परत कोण घेणार? पोहायला मी एकटीच गेले. दोन फेऱ्या मारल्या, काठ धरून.

झाली गोष्ट. पुन्हा कोपरं? बरं बाई, एक घातलंय मी पदरचं. शनी नाही, शनी खराच घसरला होता. ते आभार. त्या माणसानं आभारबिभार काही लिहिले नव्हते. नुसतं लिहिलं होतं, चालू झालं, पुढचं ठिगळ कधी?

हसली मात्र ती खरंच.