हनुवटीवरच्या केसाचं गाऱ्हाणं

मी केस बोलतोय. डोक्यावरचा नव्हे. त्याला तेल, शिकेकाई, गजरा, सगळे लाड. मी हनुवटीवरचा. काळा, राठ आणि घरात कुणालाच नको असलेला.

आधी मी उत्कर्षाच्या हनुवटीवर नुसती लव होतो, मऊ आणि फिकट. ती पुण्यात खराडीला नोकरीला लागली, त्या सुमारास तिच्या शरीरात काहीतरी बिघडलं. पाळी तीन-तीन महिने यायची नाही, वजन वाढलं, मान काळवंडली. मलाही आतूनच हुकूम आला, जाड हो. मी झालो. यात माझा काय गुन्हा?

मला पहिल्यांदा पाहिलं तिच्या आईने, शर्मिलाताईंनी. "अगं बाई! उद्या पाहुणे यायचेत बघायला, आणि हे काय?" पाळीचं त्यांना ठाऊक होतं, बरं का! त्यावर म्हणायच्या, "लग्न झालं की होईल सुरळीत." माझ्यासाठी मात्र त्याच संध्याकाळी पार्लर.

मांजरी भागातल्या त्यांच्या सोसायटीखालीच ते पार्लर आहे. दोऱ्याचा पीळ बसला की मी उपटला जायचो आणि उत्कर्षाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. थोड्या दिवसांत मी परत हजर. पुन्हा दोरा. अहो, मी काय हौसेने येत होतो? आत काय बिघडलंय ते बघा, एवढंच सांगायला येत होतो! पण ऐकतंय कोण? बेसन झालं, हळद झाली, मावशीने सांगितलेला लेपही झाला. पोरगी ऑफिसात हनुवटीवर हात ठेवून बोलायची. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. मला भयंकर चीड यायची.

गेल्या महिन्यात पाळी आली ती थांबेचना. उत्कर्षा ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठे बायकांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी खूश! आता तरी कुणी जाणतं माणूस मला बघणार.

आणि त्या दिवशी सकाळी शर्मिलाताईंनी काय करावं? तिला आधी पार्लरमध्ये नेलं! "असं तोंड घेऊन जायचं का डॉक्टरांकडे? काय म्हणतील त्या?" धन्य आहे बाई तुमची!

दवाखान्यात हनुवटी गुळगुळीत. मी कातडीखाली.

"चेहऱ्यावर जाड केस येतात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे हो! आमच्याकडे कुणालाच नाही," शर्मिलाताई म्हणाल्या.

संतापाने मी आतल्या आत जळत होतो. तिथल्या तिथे उगवून दाखवावं असं वाटलं, पण केसाला कुठे जमतंय ते!

तेवढ्यात उत्कर्षाने हनुवटीवरचा हात काढला. "येतात. खूप येतात. आज सकाळीच काढून आलेय."

आईने डोळे वटारले. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. हार्मोन्सचा काही त्रास असू शकतो. रक्त तपासू, सोनोग्राफी करू. आणि पुढच्या वेळी काढून येऊ नकोस."

काढायचं तर काढा मला, खुशाल काढा. माझ्यासारखे सगळेच काही आजारातून येत नाहीत, कित्येक नुसते आईबापांकडून आलेले असतात. पण पाळी बिघडलीये, वजन वाढतंय आणि सोबत मीही आलोय, तर उपटण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा की! लाज कसली धरता?

आज उत्कर्षा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात बसलीये. शेजारी आई आहे. मी हनुवटीवर आहे, सगळ्यांना दिसेल असा. आणि तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत.