लाल म्हणजे प्लस

“बंद करा! आधी बंद करा!” कॅप्टन ओरडले. फ्यूजकाकांच्या जावयाने बटण दाबेपर्यंत विमानाच्या शेपटीतून हातभर ज्वाळ बाहेर आलीच. त्याची बायको आग विझवायचं नळकांडं घेऊन तयारच होती. तिने वाकून दोन फवारे मारले. पांढरा धूर गवतावर पसरला, इंजिनाची शिटी उतरत उतरत थांबली आणि मैदानावरची माणसं हातातली कामं टाकून गोळा झाली.

विमान तसं खेळण्यातलं, पण खेळणं म्हणायला जीभ रेटत नाही. लांबीला माणसाएवढं, आणि पोटात खरंखुरं जेट इंजिन, उचललं तर एका हातात मावेल एवढं. त्याच्या मागच्या नळीत एक बारीक सळई बसवलेली असते. ती आतला ताप मोजते आणि तारेतून कंट्रोल बॉक्सला कळवते. ताप फार वाढला की इंधन आवरायचं, हे बॉक्सचं काम. बॉक्सला ताप कळलाच नाही, तर इंजिन स्वतःलाच जाळून घेतं.

जावयाने हातातला छोटा पडदा सगळ्यांसमोर धरला. “हे बघा. आग बाहेर येत होती तेव्हाही आकडा पाचशेच्या आतच. मी केव्हापासून म्हणतोय, हा आकडा खोटा आहे. मागचा पत्रा बघा, जांभळा पडलाय. पाचशेला असा पडतो का?”

“आकडा कसा खोटा असेल?” गर्दीतून त्याचे सासरे पुढे आले. “सळई उकळत्या पाण्यात बुडवून बघितली, बरोबर शंभर दाखवले. इंजिन बाहेर काढून टेबलावर चालवलं, तेव्हाही ठीक. आणि तार मी स्वतः जोडलीय. मग राहिलं काय? हात! जावईबापू, हात जड आहे तुमचा, इंधन एकदम सोडता. अहो, घाई यांच्या रक्तातच. लग्नसुद्धा घाईतच उरकलं यांनी!”

माणसं हसली. जावईही हसला, म्हणजे ओठ हलले त्याचे. सासऱ्यांची मुलगी नळकांड्याची पिन शोधायला खाली वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

सासऱ्यांना विमानं उडवणाऱ्यांच्या या क्लबात सगळे फ्यूजकाका म्हणत. जन्मभर गिरणीत वायरमन होते. कुणाचं काहीही बिघडलं, अगदी कुणाची तब्येत बिघडली तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “आधी फ्यूज बघा.” निवृत्तीनंतर जावयाबरोबर सहज म्हणून मैदानावर आले आणि तिथलेच झाले. विमान उडवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत, पण क्लबातल्या निम्म्या विमानांच्या तारा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी सांधा केला की ओढून बघायचं काम नाही, असं सगळे म्हणत, आणि हे ऐकताना काका दुसरीकडेच बघत असल्याचं नाटक करत.

जावयाच्या विमानाचा सांधाही त्यांचाच. विमान मागे जड होतं म्हणून बॉक्स नाकाकडे सरकवला, तर सळईची तार तोकडी पडली. जावई म्हणाला होता, “बाबा, कंपनीकडून अखंड तार मागवू या का? ही तार वेगळी असते म्हणे.” त्यावर काकांना राग आला. “हातभर तारेसाठी कंपनी? मग मी कशाला आहे?” तार वेगळी असते एवढं मात्र त्यांनी मानलं. दुकानात जाऊन त्याच जातीच्या तारेचा तुकडा आणला, मधली तार कापली आणि दोन्हीकडे सुबक सांधे करून तुकडा बसवला. जुन्या तारेत लाल आणि पिवळी, नव्या तुकड्यात हिरवी आणि पांढरी. जावयाने विचारलं, “कुठली कुठे, कसं ठरवायचं?” काका हसले. “लाल म्हणजे प्लस. दुकानदार म्हणाला, यात हिरवी प्लस. लाल हिरवीला, पिवळी पांढरीला. यात ठरवायचं काय?”

त्या दिवशी धूर विरल्यावर कॅप्टननी निकाल दिला. कॅप्टन म्हणजे क्लबचे प्रमुख. खऱ्या विमानात ते फक्त प्रवासी म्हणून बसलेले, पण गळ्यात शिट्टी असायची आणि तिचा मान राखावा लागे. “खुलासा होईपर्यंत हे विमान मैदानावर नको,” ते म्हणाले. “उद्या कुणाच्या अंगावर गेलं म्हणजे?” इंजिन उघडलं तर आतल्या चाकाची पाती वितळून आखडली होती. जावयाने ते चाक काकांना दाखवलं. काका म्हणाले, “आता तरी शिका.”

चाक बदलून इंजिन परत आलं, पण जावयाचा जीव काही त्यात परत आला नाही. एका दुपारी मुलगीच विमान घेऊन माहेरी आली.

“ते म्हणतायत, विकून टाका. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर बघा.”

“अगं, एवढ्यात हात टेकले? माणसाने जरा—”

“बाबा, मला यावर बोलायचं नाही,” ती म्हणाली आणि आईशी दोन शब्द बोलून निघून गेली. जेवायच्या टेबलावर विमान आडवं पडलं होतं.

विकायचं तर नीटनेटकं दिसायला हवं. काकांनी पाठीवरचं झाकण काढलं. इंजिनाजवळच्या सांध्यावरची रबरी नळी उष्णतेने करपून तडकली होती. गिऱ्हाईक पहिलं बोट तिथेच ठेवणार. त्यांनी जुनी नळी कापून नवी चढवली आणि ती तापून आवळून बसावी म्हणून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला. बॉक्स चालू होता, पडदा समोर होता. ड्रायरची गरम हवा सांध्यावर सोडली आणि काकांचं लक्ष सहज पडद्याकडे गेलं.

आकडा उतरत होता.

सळई पार मागे, नळीत, गार. खोली होती तशीच. गरम होत होता तो फक्त त्यांचा सांधा, आणि आकडा घसरत घसरत शून्यावर जाऊन बसला. काकांनी ड्रायर बंद केला. सांधा निवला तसा आकडा निमूट वर आला. पुन्हा ड्रायर, पुन्हा शून्य. तीन-चारदा हाच खेळ झाला, पण खेळ म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

त्यांना दुकानदाराचं एक बोलणं आठवलं. तो सांगत होता, या तारा तांब्याच्या नसतात, दोन वेगळ्या धातूंच्या असतात, आणि त्यातल्या एकीला लोहचुंबक धरतं. तेव्हा काकांनी मान हलवून ऐकल्यासारखं केलं होतं. आता त्यांनी पेटीतलं चुंबक काढलं, सांधे सोडवले आणि तारांची उघडी टोकं एकेक करून त्याला लावली. पिवळीला धरेना. लालला टपकन धरलं. हिरवीला धरेना. पांढरीला धरलं. म्हणजे लाल आणि पांढरी एका जातीच्या. हिरवी प्लस, तर पांढरी उणे. या तारेत लाल प्लस नव्हतीच, उणे होती.

पुढचं कळायला काकांना कुणाची गरज नव्हती. दोन्ही टोकांना सारखंच उलटं जोडल्यामुळे सांधे गार असताना उलट्याचं सुलट होऊन जायचं. उकळत्या पाण्यात बरोबर, टेबलावर मोकळ्या हवेत बरोबर. विमानाचं पोट बंद झालं, इंजिनाशेजारचा सांधा तापला, की तो जितका तापेल त्याच्या दुपटीने आकडा खरा ताप कमी करून सांगायचा. बॉक्स बिचारा निर्धास्त. आणि चाक जळत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि इथे तर चोरानेच फाशी सुनावली होती, वर चार माणसांत हशाही पिकवला होता.

“अहो, सापडलं का काही?” आतून बायकोने विचारलं.

काकांची कानशिलं तापली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी तारांची सुटी टोकं तळव्याखाली झाकली.

“लूज कॉन्टॅक्ट होता,” ते म्हणाले.

तोंडातून निघालं ते निघालंच. त्यांनी लालला पांढरी जोडली, पिवळीला हिरवी, दोन्हीकडे. ड्रायर लावला. आकडा हलला नाही. एरवी असं काही जमलं की ते बायकोला हाक मारून दाखवत. आज त्यांनी झाकण लावलं, हात धुतले आणि पुन्हा धुतले. मग मुलीला फोन केला.

“विकू नका म्हणावं. दोष सापडला. लूज होतं जरा.”

“कुठे?”

“तारेत.”

“कुणाच्या जोडणीत, बाबा?”

“अगं, तार आहे, हलते, गरम होते... चालायचंच,” काका म्हणाले. तिने “बरं” म्हणून फोन ठेवला.

कॅप्टननी चाचणीला परवानगी दिली. काका मैदानावर गेले खरे. न जावं तर चोराच्या मनात चांदणं, जावं तर ही माणसं. जावयाने इंजिन चालू केलं. शिटी चढत गेली, आकडा तिच्याबरोबर चढला, सहाशेच्या पुढे गेला तसं बॉक्सने इंधन आवरलं आणि तो तिथेच स्थिर राहिला. मागे ज्वाळ नाही, काही नाही. कॅप्टननी शिट्टी वाजवली. जावयाने इंजिन बंद केलं आणि कपाळ पुसलं.

“बाबांनी शोधून काढलं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मी इतकं डोकं आपटलं, मला नाही सापडलं. आणि एक सांगतो, त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मीही इंजिन जरा जास्तच ताणत होतो.”

“अरे, अनुभव आहे तो!” कॅप्टन म्हणाले. औषधाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आपलं विमान उचलून पुढे आले. “काका, माझ्याही तारेवर एक नजर टाका ना. तुमचा हात लागला की मी निर्धास्त.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवी दिली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. हा पोरगा न केलेला गुन्हा कबूल करून सासऱ्याची अब्रू राखत होता, आणि सासरा ती राखून घेत होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती नळकांडं धरून उभी होती. तिला काही माहीत नव्हतं, पण बापाचा चेहरा ती लहानपणापासून वाचत आली होती.

“ते ताणत नव्हते,” काका म्हणाले.

“आं?” कॅप्टननी विचारलं.

“जावई. ताणत-बिणत काही नव्हते. तार मी उलटी जोडली होती. दोन्हीकडे. त्यांनी विचारलंही होतं, कुठली कुठे. मी म्हटलं, लाल म्हणजे प्लस. चाक जळलं ते माझ्यामुळे.” आता थांबलं तर पुन्हा सुरू होणार नाही हे त्यांना कळत होतं. “आणि घरी कळल्यावर लूज कॉन्टॅक्ट म्हणालो, तेही खोटं. बायकोशी खोटं बोललो, पोरीशी बोललो.”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “काका, या वेळी फ्यूज तुमचाच उडाला की!” माणसं हसली. वाईट हेतूने नाही, प्रसंग हलका व्हावा म्हणून. काका ते हसणं उभ्याने ऐकत राहिले. असंच हसणं त्यांनी जावयाच्या वाट्याला आणलं होतं, ते किती बोचतं ते आता कळत होतं. जावई मात्र हसला नाही.

“चाकाचं सोडा, बाबा,” तो हळू म्हणाला. “चाक काय, बदललं. ते लग्नाचं बोललात ना, ते हिला फार लागलंय.”

मुलगी जवळ आली. “घाईत नव्हतं केलं लग्न,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच काकांना तो सोसवेना. “तुम्ही हो म्हणावं म्हणून आम्ही किती थांबलो होतो, ते तुम्हाला माहितीये. मला घरात काय हवं ते बोला. चारचौघांत नको.”

“चुकलं माझं,” काका म्हणाले. आयुष्यात हे दोन शब्द त्यांनी मुलीला पहिल्यांदाच म्हटले असतील. “चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच म्हणतो. चुकलं.”

बापाच्या शर्टाच्या बाहीवर धूळ उडाली होती, ती तिने झटकली.

माणसं आपापल्या विमानांकडे पांगली. औषधवाले थोडा वेळ घुटमळले, मग “बघू, नंतर सवडीने बघू,” असं पुटपुटत विमान उचलून आपल्या टेबलाकडे गेले आणि चष्मा लावून स्वतःच तारेशी झटू लागले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

जावयाने इंधन भरलं. इंधन भरताना सोडलेली बॅटरी उडवण्याआधी पुन्हा जोडायची होती. त्याने वायरचं टोक काकांपुढे धरलं.

“बाबा, घ्या. तुम्हीच लावा.”

“मी?”

“मग कोण?”

काकांनी टोक घेतलं. जोडणी खटकन बसली. त्यांनी हात मागे घेतला. एरवी जावई लगेच झाकण लावून मोकळा व्हायचा. आज तो गुडघ्यावर बसला, वाकला आणि बोटाने तार चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडणी तपासू लागला. काकांची सावली नेमकी तिथेच पडत होती. ते बाजूला सरकले, त्याला नीट दिसावं म्हणून.