बिनदवेची मेंढरं

"मरीआईच्या नावानं चांगभलं!" युसूफ वडगावच्या बारवेपाशी सारा गाव लोटला होता. पटकीनं आठ दिवसांत अकरा माणसं नेली होती, आणि धोंडीबुवाच्या तीर्थानं धर्मराजची लेक चक्क उठून बसली होती! मग काय विचारता! निजाम सरकारनं धाडलेले डॉक्टर सुंदरराव चावडीत माशा मारत बसले आणि बुवापुढं रांग लागली.

रांगेत मनकर्णा धनगरीण जीव मुठीत धरून उभी होती. तिच्या नवऱ्याला, मुंजाजीला, पहाटेपासून ढाळ-उलट्या लागल्या होत्या.

"कितवा दिस?" बुवानं डोळे मिटूनच विचारलं.

"पयलाच हाय, म्हाराज."

"मग आत्ता न्हाई. तिसऱ्या दिशी ये. तवर थेंबभर पानी पाजलंस तर कुंकू पुसलंच म्हून समज!"

ती रांगेतून बाहेर पडली. घरी मुंजाजी 'पाणी, पाणी' करत तडफडत होता. द्यावं तर आईचा कोप, न द्यावं तर डोळ्यांदेखत जीव जातोय! भेदरलेली बाई धावत चावडीत शिरली आणि मुंजाजीचं गाऱ्हाणं सांगू लागली.

डॉक्टर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली रोग्याच्या ढाळाचे थेंब तपासत होते. त्यांनी खुणावलं तसा तिनं डोळा लावला. बारीक ठिपके सरसर पळत होते. "हे पटकीचे जंतू. या काचेवर तीर्थ घातलंय, तरी पळताहेत. हिच्यावर विहिरीत टाकतात ती लाल दवा, निपचित पडलेत. पोटात तसंच होईल याची खात्री नाही, ते वेगळं तपासावं लागतं."

"अन् ही तिसरी काच? हिच्यावर कायबी घातलं न्हाई, कावून?"

"औषधाशिवाय काय होतं हे पाहिल्याखेरीज औषधाचा गुण कसा कळणार?"

मनकर्णा थबकली. "आमीबी असंच करतो! नव्या पाल्याचा रस पाजला, की तेवढ्या मेंढरांना तांबडी काव लावून खूण करायची, अन् तेवढीच आजारी मेंढरं बिनदवेची सोडायची. पर ह्यो बुवा..." तिनं बारवेकडं बोट केलं. "ह्यो मेला उठाया लागलेल्या मेंढरांनाच काव लावतोय की!"

"अगदी बरोबर! पटकीत दगावणारी बहुतेक माणसं पहिल्या दोन दिवसांतच जातात. तिसरा दिवस काढला तो बहुधा तरतोच. मुंजाजीला उकळून गार केलेलं मीठपाणी पाजत राहा."

घरी जाता जाता ती बारवेपाशी थांबली. भीतीनं दातखीळ बसायची वेळ, तरी ओरडली, "धर्मराजभाऊ, लेकीला तीर्थ कितव्या दिशी पाजलंत?"

"तिसऱ्या."

"अन् मेलेल्या अकरांना?"

ते तिसऱ्या दिवसाआधीच गेले होते. त्यांना बुवानं पाजलंच नव्हतं.

"पाखंडी! आई खाईल तुला!" बुवा गरजला. मनकर्णाला घाम फुटला. तशीच घरी गेली आणि नवऱ्याला मीठपाणी पाजू लागली. तिचं पाहून आणखी आठ घरांनीही आपल्या रोग्यांना तेच पाजलं.

चौथ्या दिवशी मुंजाजी भिंतीला टेकून बसला. झालं! बुवाला सोडून लोक डॉक्टरांच्या पायांवर लोटले. ते चटकन मागं सरले. "पाया पडू नका! मीठपाणी घेतलेल्या नऊ जणांपैकी तिघे गेले, तेही ध्यानात ठेवा."

"अन् ज्यांनी न्हाई घेतलं, त्यांच्यातले किती गेले?" मनकर्णानं चाचरत विचारलं.

भ्या हो, भीती कुणाला चुकलीय! पण भीतभीत का होईना, औषधाचा गुण सांगणाऱ्या प्रत्येकाला एवढं विचाराच.