गाळलेलं प्रकरण

स्वयंपाकघरातलं मोठं पितळी पातेलं जागेवर नव्हतं आणि बकुळही घरात नव्हती. दोन्ही गोष्टी एकदमच माझ्या लक्षात आल्या.

"मामंजी, बकुळ कुठंय?"

सासरे बाहेरच्या खोलीत पोथी उघडून बसले होते. "आत्ताच पातेलं घेऊन गेली. शेजारच्या नंदाकडे द्यायचंय म्हणाली. तूच पाठवलंस ना, सूनबाई?"

"मी कपाटात वाचत होते हो!"

कपाट म्हणजे माझा स्टुडिओ. चारी बाजूंनी रजया टांगून त्यात बसायचं आणि एका ऑडिओबुक कंपनीसाठी जुन्या विज्ञान-साहसकथा मराठीत वाचायच्या. सध्याची कादंबरी दीडशे वर्षांपूर्वीची. एक शास्त्रज्ञ आणि त्याचा सोबती तांब्याची भलीमोठी घंटा पालथी घालून, तिच्यात अडकलेल्या हवेवर श्वास घेत तळ्याच्या तळाशी उतरतात. सात वर्षांच्या बकुळला ती ऐकून ऐकून पाठ झाली होती. कालच बादलीत पेला पालथा बुडवून, गल्लीतल्या मुलांची हिंदी मिसळत दाखवत होती, "बघ ना आई, अंदर हवा राहते! सच्ची!" आणि मी कौतुक केलं होतं.

चप्पल न घालताच घाटाकडे धावले. गल्ली उतरताना डोक्यात एकच घणघणत होतं. आठव्या प्रकरणात ती हवा संपत येते. कंपनीला मी ते वाचून पाठवलं होतं. बकुळ ऐकते त्या मोबाईलमधून मात्र काढून टाकलं होतं. झोपेत दचकून उठते म्हणून. तिच्या कथेत सातव्यात घंटा उतरायची, मासे दिसायचे, आणि लगेच नवव्यात शास्त्रज्ञाचा राजधानीत सत्कार व्हायचा.

ब्रह्मा घाटावर दुपारची सामसूम होती. ती दिसली. कमरेइतक्या पाण्यात. पालथं पातेलं डोक्यावरून खांद्यापर्यंत आलेलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. पायानं चाचपडत तिनं एक पाऊल पुढं टाकलं. तिच्या पुढची पायरी शेवाळलेली, त्यापुढची तुटलेली. तिथून खाली थेट खोल पाणी.

हाक ओठांवर आली, ती गिळली. ओरडलं की बकुळ पळते. आणि इथं पळायला जागा फक्त पुढंच होती.

मग मी माझा वाचायचा आवाज काढला. सावकाश, खणखणीत.

"प्रकरण आठवं. घंटेतली हवा आता जड झाली होती."

पातेलं थांबलं.

"दिवा मिणमिणू लागला..." मी एक पायरी उतरले. "सोबती म्हणाला, साहेब, मला श्वास घेववत नाही." पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. आवाज कापता कामा नये. "शास्त्रज्ञानं दोरी ओढली. वरून उत्तर आलं नाही."

पातेल्याखालून घुमल्यासारखं आलं, "ये तो नहीं था!"

"होतं."

"मोबाईलमध्ये नव्हतं!" पातेलं उचलून ती माझ्याकडे वळली, आणि तिचा पाय सरकला. मी झेप घेतली. आधी फ्रॉक हाताला लागला, मग दंड. दोघी पायरीवर आपटलो. पातेलं डुचमळत गेलं, बुडालं.

वरच्या छत्रीखाली यात्रेकरूंची पूजा सांगणारा एक घाटिया डोळे चोळत उठला. "का बहूजी, बिटिया को नहला रही हैं कि कुश्ती लड़ रही हैं?"

तिला ओढत मी चार पायऱ्या वर आणलं, तरी दंड सोडला नाही.

"तू काढलंस ते प्रकरण?"

"हो. घाबरशील म्हणून."

"चीटिंग!" तिचे दात वाजत होते. तिनं फ्रॉकचं टोक पिळलं. "आई, तो सोबती वर आला का गं?"

सवयीनं 'हो' म्हणणारच होते.

"नाही, बकुळ. तो मेला."

ती पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं पाय वर ओढून घेतले आणि माझ्या ओल्या पदराखाली सरकली.